जाहिरातीचा हिशेब का मागू नये?

दिवाळे (नवी मुंबई)

आपला व्यापारी माल घेताना जितका चोखंदळ असतो तितका जाहिरात घेताना नसतो. भिवंडीचा थान आला की तो मीटर लावतो, कापड उजेडात धरतो, डाग दिसला की भाव तोडतो. हाच माणूस वृत्तपत्रातील जागेसाठी पाच-दहा हजार मोजताना दरपत्रकही मागत नाही. वास्तविक जागा हाही मालच आहे. तो कॉलम सेंटीमीटरने विकला जातो. पहिल्या पानाचा भाव निराळा, आतल्या पानाचा निराळा, रंगीत त्याहून महाग.

आमच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर मासळी उतरली की ती हाकेवर खपते, तिला जाहिरात लागत नाही. कापडाचे तसे नाही. (गावाच्या नावावरून व्यापारी मित्र आमची थट्टा करतात. दिवाळ्यात राहतो, काढलेले नाही, एवढेच उत्तर आम्ही देतो.)

दुकानात येणाऱ्या जाहिरात प्रतिनिधीला आपण ‘पेपरवाला’ म्हणून चहा पाजतो. त्याचे खरे काम गिऱ्हाइकाचे खाते सांभाळण्याचे असते. गिऱ्हाइकाचा हंगाम ओळखणे, भाव ठरवणे, मजकूर वेळेवर घेणे, छापण्यापूर्वी प्रूफ दाखवणे, छापल्यावर अंक व बिल पोहोचवणे आणि शेवटी वसुली. आमच्या बाजारात अडत्या करतो तेच. मात्र त्याच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट असते. बँका, बिल्डर, सराफ यांची मोठी खाती आधी, छोट्या दुकानदाराची आठवण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात.

मोठी गिऱ्हाइके एजन्सीमार्फत येतात. हा धंदा मुंबईला नवा नाही, गिरगावात बी. दत्ताराम ही एजन्सी १९०५ मध्ये निघाली होती. वृत्तपत्राकडून एजन्सीला परंपरेने १५ टक्के कमिशन मिळते. थेट जाणाऱ्या दुकानदाराने हा आकडा ध्यानात ठेवून भाव करावा, कारण मध्ये दलाल नसताना दलालीची रक्कम कोणाच्या खिशात जाते हे विचारण्यात गैर काही नाही. मोठ्यांचेही सारे स्वच्छ आहे असे समजू नये. मार्च २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोठ्या जाहिरात कंपन्यांच्या कार्यालयांवर छापे घातले. दर व सवलती संगनमताने ठरवल्याचा संशय होता.

आता आमचा अनुभव. एका दैनिकात रमजान ईदच्या मालाची जाहिरात ठरवली होती. बोलणे ज्या प्रतिनिधीशी झाले तो मध्येच नोकरी सोडून गेला. नव्याला काही ठाऊक नव्हते. चाँद २९ व्या रोजाला दिसला, ईद एक दिवस आधी आली आणि जाहिरात ईदच्या सकाळी छापली गेली. बिल पूर्ण आले. तक्रार केली तेव्हा पुढल्या आठवड्यात फुकट छापतो म्हणाले. शेवया खाऊन झाल्यावर दूध आणून काय उपयोग? खाते माणसाच्या तोंडात नव्हे, कंपनीच्या वहीत असले पाहिजे. तारीख, पान, आकार, भाव आणि चाँद लवकर दिसला तर कोणता अंक, हे सारे ऑर्डरवर लिहून त्याची प्रत आपल्या गल्ल्यात ठेवावी.

खपाच्या आकड्याबद्दलही तसेच. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून खप तपासून सहामाही आकडे देते. ज्याच्याकडे तिचा दाखला नाही त्याने निदान कोणत्या गावात किती अंक जातात ते सांगावे. नवी मुंबईच्या दुकानाची जाहिरात मालेगावात वाचली जाऊन आम्हाला काय मिळणार?

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे आणि ती आपल्याच साप्ताहिकांना लागू आहे. समाजाचे पत्र आहे, चालले पाहिजे, म्हणून आपण ईदच्या अंकात ‘ईद मुबारक’ची चौकट देतो आणि विसरून जातो. पत्रही ते मदत समजून घेते. देणारा हिशेब मागत नाही, घेणारा देत नाही. अंक पोहोचत नाही, बिल साध्या चिठ्ठीवर येते, वर्षभर कोणी फिरकत नाही, आणि पुढल्या रमजानला पुन्हा तोच चेहरा. मदत करायची असेल तर वर्गणी भरावी, चार मित्रांना भरायला लावावी. जाहिरात ही खरेदी आहे. उर्दू ‘इन्किलाब’ १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारींनी सुरू केला. तो आजही निघतो तो केवळ सदिच्छेवर नव्हे. २०१० मध्ये जागरण समूहाने ‘मिड-डे’बरोबर तो घेतला, तेव्हा त्यांनी धंदा पाहिला होता.

आपल्या साप्ताहिकांनी जाहिरातदारांची खाती पाहायला एक जबाबदार माणूस नेमावा, दर छापावेत आणि जी.एस.टी. क्रमांकासह पक्के बिल द्यावे. छापील जागेवर ५ टक्के कर लागतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्याची वजावट मिळते, पण चिठ्ठीवर मिळत नाही. येत्या रमजानच्या जाहिराती शाबानमध्येच लिहून घ्याव्यात, दोन्ही तारखांसह.