उजेडाचा जमाखर्च

या सदरात आपण एरवी गळका नळ, रुसलेली इस्त्री आणि दोन महिन्यांत जीव टाकणारी ट्यूब यांच्या दुखण्याखुपण्याविषयी बोलतो. दिवाळी अंकासाठी जरा खर्चिक विषय घ्यावा, असे संपादकांचे म्हणणे पडले. मी म्हटले, खर्चाचा नको, जमाखर्चाचा घेतो. हिशेब आहे उजेडाचा, आणि तो मांडला गेला लातूरला, आमच्या भाच्याच्या माडीवर.

हे भाचेबुवा लातुरात एका शिकवणी वर्गात पदार्थविज्ञान शिकवतात. प्रकाशाचा धडा वर्षातून चार तुकड्यांना फळ्यावर समजावून सांगणारा हा गृहस्थ गेल्या पावसाळ्यात घरी प्रोजेक्टर बनवायला बसला. तयार यंत्र बाजारात मिळते हे त्याला ठाऊक होते. "पण मामा, विकतच्यात आपल्याला काय कळणार?" हे त्याचे म्हणणे.

नुसत्या हौसेपोटी मात्र हे चालले नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न १९९१ साली नांदेडला झाले आणि दोन दिवसांनी औसा तालुक्यातल्या तिच्या सासरच्या वाड्यात सत्यनारायण झाला. डोळे दिपवणारा दिवा उंच धरलेला एक पोऱ्या आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला, असे दोघे त्या दिवशी वाडाभर फिरले. ती कॅसेट आमच्याकडे नांदेडला राहिली, म्हणूनच वाचली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसे नुकती आडवी झाली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपेतच त्यांच्या अंगावर आल्या. भाच्याचे आजोबा त्या रात्री वाड्यात होते. आजी विसर्जन पाहायला लातूरला लेकाकडे आल्या होत्या. भाचा तेव्हा सव्वा वर्षाचा.

घरातले फोटो वाड्याबरोबरच गेले. चालतेबोलते आजोबा उरले ते त्या कॅसेटमध्ये, जेमतेम चाळीस सेकंद. फेटा बांधून ओट्यावर उभे आहेत आणि पाहुण्यांना आत या म्हणताहेत. चित्र लांबून घेतलेले. घरातल्या बत्तीस इंची टीव्हीवर ते वीतभर दिसतात. आजींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसरा धूसर. त्यांना ती वीतभर आकृती काही केल्या उमगेना. म्हणून नातवाने ठरवले, आजोबा मोठे करून दाखवायचे.

पेटी त्याने व्यवस्थित केली होती. आठ इंची एलसीडी पॅनल, त्याच्या मागचा मूळ दिवा काढून टाकलेला. त्या जागी शंभर वॅटचा एलईडी, खाली उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखा. पॅनलच्या दोन्ही अंगांना खाचांची सपाट फ्रेनेल भिंगे आणि पुढे चित्र फेकणारे भिंग. कॅसेटवरचे चित्र पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. माडीची अख्खी भिंत, आठ फूट बाय सहा फूट, चित्राने भरली. पण दिसले काय, तर धुक्यातले भूत! त्यावर भाच्याने तेच केले जे आपण सगळेच करतो. त्याने दिवा दुप्पट मोठा केला. दहाव्या मिनिटाला पॅनलच्या मधोमध तपकिरी डाग उमटला, कारण पॅनलवर चिकटवलेली पोलरायझरची पट्टी उष्णतेने भाजली. मग नांदेडला फोन आला, "मामा, या."

नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडले की खंडोबाचे माळेगाव लागते. एसटीच्या खिडकीतून तो माळ दिसला आणि मला लहानपणी जत्रांतून पाहिलेला फिरता सिनेमा आठवला. तंबूत दोन कार्बनच्या कांड्या जवळ आणून त्यांच्या ठिणगीचा उजेड करीत. कांड्या जळून आखूड होत. अंतर चुकले की पडदा लवलवे, मग ऑपरेटर काळ्या काचेतून आत डोकावून त्या जुळवी. तो दिवा मोठा करीत नसे, जुळवीत असे. आणि खेळ सुरू व्हायचा तो पुरता काळोख पडल्यावरच. लातूरचे स्थानक येईपर्यंत निम्मे उत्तर माझ्या हाती आले होते.

माडीवर बसून आम्ही वहीत हिशेब लिहिला. दिव्याचा उजेड म्हणजे शंभर रुपये धरा. एलईडी समोर चहूकडे उजेड पसरतो, त्यातला तिसरा हिस्सा भिंगाच्या वाट्याला येतो, उरले तेहतीस. पॅनलवरचा पहिला पोलरायझर निम्म्याहून थोडा जास्त गिळतो, उरले पंधरा. पॅनलच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी अशा तीन बारीक गाळण्या असतात. लाल गाळणी हिरवा आणि निळा अडवते, बाकीच्या दोघी तेच करतात, उरले पाच. आतल्या तारांची जाळी आणि दुसरा पोलरायझर मिळून दोन रुपये शिल्लक ठेवतात, आणि पुढची भिंगे आपली दस्तुरी घेऊन पडद्यावर दीड रुपया टाकतात. यंत्रागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण घरच्या पेटीचा ताळेबंद हाच. दिव्याच्या पाकिटावर दहा हजार ल्यूमेन लिहिले असले तरी भिंतीवर पोहोचतात दीडशे. दिवा दुप्पट केला, तर पडद्यावर वाढेल दीडच रुपया, आणि पेटीत उष्णता वाढेल दुपटीने.

तेव्हा गळती पाहायची. पहिली गळती जुळणीतली. चित्र फेकणाऱ्या भिंगाच्या तोंडाशी पांढरा कागद धरला की त्यावर एलईडीचे लहानसे चौकोनी प्रतिबिंब पडते. ते भिंगाच्या मधोमध आणि पूर्ण आत मावले पाहिजे. आमचे निम्मे बाहेर सांडत होते! दिवा पेटीत थोडा मागेपुढे सरकवला, फ्रेनेल भिंगांच्या खाचांची बाजू पॅनलकडे केली, आणि अंधारलेले कोपरे उजळले. दीड रुपयाचा जो हिशेब आम्ही मांडला, तो खरे तर या जुळणीनंतरचा. आधी बारा आणेही पोहोचत नव्हते.

दुसरी गळती हौसेची. आठ बाय सहा म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस फूट. दीडशे ल्यूमेन त्यांवर वाटले तर दर चौरस फुटाला तीन. तेच चित्र चार बाय तीन केले की बारा चौरस फूट, आणि वाट्याला साडेबारा. लांबीरुंदी निम्मी, उजेड चौपट, आणि खर्च शून्य. आता डिजिटल सिनेमागृहातल्या पांढऱ्या पडद्यासाठी ठरवून दिलेले मान ऐका : चौदा फूट-लॅम्बर्ट, म्हणजे याच मापात चौदा. चार फुटी चित्र केले की आमची घरची पेटी सिनेमागृहाच्या उंबरठ्याशी जाऊन पोहोचते. आणि तरी ते टीव्हीपेक्षा दुपटीच्या आसपास मोठेच!

एक गोष्ट मात्र सांभाळावी. जुन्या कॅसेटचे चित्र चारास तीन या प्रमाणाचे असते. ते रुंद पडद्यावर ताणून बसवू नये. माणसे बुटकी आणि गालफुगी होतात.

तिसरी गळती खोलीची. चौदा हा आकडा टीव्हीच्या मानाने फारच थोडा. तरी सिनेमागृहात चित्र अंधुक वाटत नाही, ते तिथल्या अंधारामुळे. चित्रातला काळा रंग यंत्र तयार करीत नाही. काळे म्हणजे ज्या जागी उजेड टाकलेला नाही ती जागा. खोलीतली ट्यूब त्या जागेवर पडली की काळ्याचे राखी होते आणि सगळे चित्र विटते. खिडक्यांना आम्ही घोंगड्या लावल्या. चित्राच्या अवतीभोवतीची भिंत आणि वरचे छतही पांढरे. पडद्याचा उजेड तिथून उलटून पुन्हा पडद्यावर येतो. म्हणून चित्राच्या चारी बाजूंना काळ्या कापडाची हातभर पट्टी लावली. पडदा म्हणून मांजरपाट टांगायचा विचार होता, पण पातळ कापडातून उजेड आरपार जातो. त्यापेक्षा तुळतुळीत नसलेला पांढरा रंग दिलेली भिंत बरी.

आता चित्र स्वच्छ दिसू लागले. बहिणीने आजींना हात धरून माडीवर आणले. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "मालक असे निळे का दिसायलेत?"

माडीवर कोणी बोलेना. निळे म्हणजे काय, हे १९९३ पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बहिणीने दिवा लावला आणि त्यांना खाली नेले.

वाचकहो, उजेडाचा प्रश्न तिथे संपला आणि रंगाचा सुरू झाला. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रे दिव्यापुढे धरायची आणि पडद्यावर मोठी करायची. काचेवरचा तांबडा रंग काही पडद्यावर नवा तांबडा घालीत नसे. दिव्याच्या उजेडातले बाकीचे रंग अडवून तांबडा तेवढा पुढे सोडी. आजचे पॅनलही तेच करते. तेव्हा दिव्यातच तांबडा कमी असेल तर गाळणी काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि स्वस्त पांढऱ्या एलईडीचे दुखणे नेमके हेच असते. त्याचा मूळ उजेड निळा. त्यावर पिवळट लेप देऊन दोहोंच्या मिश्रणाने डोळ्याला पांढरे भासवतात. त्यात निळा भरपूर, तांबडा तुटपुंजा. माणसाच्या कातडीचा जिवंतपणा मात्र असतो तांबड्यात. त्यात व्हीएचएस कॅसेटवर रंग मुळातच फासटलेले असतात. भाच्याने पेटीतला निळा कमी करण्याची सोय वापरून पाहिली. निळेपणा गेला, पण उजेडही गेला आणि चेहरे पिठासारखे दिसू लागले, कारण निळा कापल्याने तांबडा काही वाढत नाही.

उपाय एकच, दिवा बदलणे. रंग किती खरे दाखवतो याचा एक निर्देशांक दिव्यावर 'सीआरआय' म्हणून लिहिलेला असतो. पूर्ण गुण शंभर. साध्या दिव्याचा सत्तर-ऐंशी असतो. आम्ही नव्वदच्या वरचा, पाच हजार केल्विनचा मागवला. तितक्याच विजेत असा दिवा उजेड काहीसा कमी देतो. भाचा कुरकुरला, "मामा, एवढं करून पुन्हा उजेडच कमी?" मी म्हटले, आपण साठवले आहे त्यातून हा खर्च करू. चित्र आणखी चार बोटे लहान केले आणि तूट भरून काढली.

कोणी हा उद्योग करणार असेल तर दोन गोष्टी बजावून सांगतो. ठोकळा आणि पंखा नीट बसवल्याशिवाय शंभर वॅटचा एलईडी क्षणभरही लावू नका, आणि पेटत्या दिव्याकडे थेट पाहू नका. पंखा बंद पडला की दिवा आपोआप बंद होईल अशी तजवीज करा. पेटीत २३० व्होल्ट येतात. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्या आणि मुलांना झाकण उघडू देऊ नका.

नवा दिवा आला तो दिवाळीच्या तोंडावर. मी दरवर्षीप्रमाणे भाऊबीजेला लातूरला गेलो. आता पेच निराळाच. सणाच्या दिवशी घर अंधारे कसे करायचे? दारात पणत्या, गॅलरीत आकाशकंदील. बहीण म्हणाली, उद्या करा. आजींनीच तोडगा काढला. देवघरातली समई राहू द्यायची आणि देवघराचे दार ओढून घ्यायचे. पणत्या दाराशी तेवत राहतील. माडीवर पाऊण तास अंधार केला तर लक्ष्मी काही रुसत नाही. "माडी तिला तशीबी चढवत नसंल," असे वर म्हणाल्या.

आजींची खुर्ची पडद्यापासून सहा फुटांवर ठेवली. वाडा आला, मंडप आला, बायकांच्या ओळी सरकल्या. मग ओटा, आणि फेटा बांधलेले आजोबा. या वेळी चेहरा सावळा होता, जसा असायला हवा तसा. ते हात हलवून आत या म्हणाले आणि चाळीस सेकंद संपले. भाच्याने न सांगता चित्र मागे घेतले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आजींनी बोट पुढे केले. ते आजोबांकडे नव्हते, त्यांच्या पायाखाली होते.

"ओट्याला गेरू बघ. सकाळीच दिला व्हता मी. वला हाय आजून, म्हनून कडंनं चालायलेत."

आम्ही सर्वांनी पाहिले. आजोबा खरोखरच ओट्याच्या कडेकडेने, पाय जपून टाकीत होते. जुन्या दिव्यात तो ओटा मातकट राखी दिसला होता; गेरू कुणाच्या लक्षातही आला नव्हता.

चौथ्यांदा चित्र लावताना भाच्याने मला हळूच विचारले, "मामा, त्यांचा आवाज ऐकू येईल का हो? मागं वाजंत्री फार आहे." त्याचा हिशेब वेगळा आहे. तो पुढच्या खेपेस मांडू.