मातेरं कुणाच्या वाट्याला?

वस्तीत पोटाचे आजार वाढले की आपल्याला एकच उत्तर ऐकवलं जातं: "तुम्ही स्वच्छता पाळत नाही." हात धुवा, पाणी उकळा. हात धुवायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण भाकरीच्या पिठातच विष असेल तर हात धुऊन काय होणार? आरोग्य शिबिरात हा प्रश्न कुणी काढत नाही. कारण त्याचं उत्तर वस्तीच्या गटारात नाही, धान्याच्या वाटपात आहे.

भिजलेल्या, नीट न वाळलेल्या धान्यावर बुरशी चढते. शेंगदाणा-मक्यावरची एक बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, मका-ज्वारीवरची दुसरी फ्युमोनिसिन. ही विषं भाकरी भाजल्याने नष्ट होत नाहीत. आपल्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. दोन पेशींमधली फट प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी बंद केलेली असते, म्हणजे अन्नरस आत जावा आणि जंतू बाहेर राहावेत. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि जनावरांवर दिसून आलंय की ही विषं तो पहारा ढिला करतात. मग जंतूंचे अंश आत शिरतात, शरीर आतल्या आत लढत राहतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटण्यात याचा नेमका वाटा किती, यावर संशोधन चालू आहे. ते पूर्ण होईपर्यंत आपण काळी ज्वारी खात बसायचं का?

१९९५ साली दख्खनच्या पठारावर, शेजारच्या कर्नाटक-आंध्रात, काढून शेतात पडलेल्या ज्वारी-मक्यावर अवकाळी पाऊस झाला. २७ गावांत लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर, जुलाब सुरू झाले. धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. आजारी पडले ते सगळ्यात गरीब थरातले, अशी नोंद आहे. पाऊस काही जात-वर्ग बघून पडला नव्हता! ज्याला दुसरं धान्य घेणं परवडलं तो वाचला. त्याआधी १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीच्या मक्याने ३९७ लोक आजारी पडले, त्यातले १०६ मेले. तिथे घाव यकृतावर होता, पण माणसं कोणती होती ते बघा.

साथींनो, आपल्याला यात नवीन काय आहे? बलुत्याच्या हिशेबात खळ्यावरचं चांगलं धान्य गावाच्या कणगीत जायचं आणि तळाचं, मातीत मिसळलेलं मातेरं महारवाड्यात. आणि या बुरशीचं घरच माती. १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपलं. मातेरं संपलं का?

आपल्या नगर जिल्ह्यातच बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा ऊसतोड मजूर कोपीत राहतो. त्याच्या पिठाचं पोतं ओल्या जमिनीवर असतं. शेतकऱ्याची भरदार शेंग बाजारात जाते, सुरकुतलेला दाणा स्वस्तात विकला जातो किंवा घरच्या कुटात पडतो. युरोपला जाणारा शेंगदाणा मात्र तपासून पाठवतात. तिथल्या थेट खाण्याच्या दाण्यात किलोला ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही. आपल्याकडे धान्याला मर्यादा १५. तीही ठीक, पण तुमच्या गावच्या रेशनच्या धान्याचा असा अहवाल तुम्ही कधी पाहिलाय?

"बायकांनी धान्य निवडून घ्यावं," असा सल्ला मिळतो. सल्ला खोटा नाही. बुरशीचे, रंग बदललेले दाणे काढल्याने विष खरंच कमी होतं. पण निवडून फेकायला आधी जास्तीचं धान्य लागतं. माणशी ५ किलोतलं एक किलो उकिरड्यावर टाकून महिना कसा काढायचा, हे सल्ला देणाऱ्याने एकदा घर चालवून दाखवावं.

म्हणून भांडण रेशन दुकानावर न्या. धान्याचा नमुना दर्शनी भागात ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. नसेल तर लेखी तक्रार करा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार दुकान पातळीवर दक्षता समिती असायला हवी. तिच्यावर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे माहितीच्या अधिकारात मागा. काळं, कुबट धान्य आलं तर पावती करून परत करा, बदलून घ्या. आणि राहुरीला आपल्या जिल्ह्यात महात्मा फुल्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. दर पावसाळ्यानंतर रेशनच्या आणि आठवडी बाजारातल्या धान्याची विषचाचणी तिथे व्हावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, या मागणीचं निवेदन येत्या ग्रामसभेत ठरावासाठी मांडा.