बैठकीला आजीलाही बोलवा

सातारा-सांगलीकडच्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांचं वजन होतं. कमी भरलं की ताईंची धावपळ सुरू होते. घरभेट, वर कळवणं, पुन्हा वजन. जास्त भरलं तर? शेजारीण म्हणते, "खात्यापित्या घरचं आहे हो," आणि पोराची आई गालावरचा काजळाचा ठिपका जरा मोठा करते. ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, उंचीच्या मानानं जास्त वजनाची निघाली जेमतेम चार. पण २०१५-१६ मध्ये ती पुरती दोनही नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेली बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास तिकडच्याइतकीच. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी जाड झालेल्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणं सर्वात जास्त दिसतात, हेही केईएममधल्याच अभ्यासानं दाखवलं. कमी वजनाच्या लेकराला लवकर गुटगुटीत करण्याची आपली घाई इथे अंगाशी येते.

घाई सुरू होते ती साधारण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. पुढे वर्षाला दोनेक किलोच वाढतं. भूक मंदावते, गालाचं बाळसं उतरतं, पाय लांबतात. पाच-सहा वर्षांपर्यंत मूल असं सडसडीत होत जाणं हीच निरोगी वाढ. घरात मात्र हाकाटी होते, "पोर रोडावलं." मग ताट घेऊन मागे फिरणं, मोबाइलवर गाणी लावून घास कोंबणं, जेवलं नाही म्हणून दुधात बिस्किटं. पोट भरल्याची खूण मुलाला आपसूक कळत असते. आपण ती मोडून काढतो. मग पाचव्या-सहाव्या वर्षी जे अंग भरायला लागायचं, ते चौथ्याच वर्षी भरायला लागतं, आणि अशी मुलं पुढे जाड होण्याची शक्यता जास्त असते.

हा तालमींचा मुलूख. खुराक म्हटलं की आजोबांचे डोळे चमकतात, समोर कवठेपिरानचे मारुती माने उभे राहतात. पण तालमीत जोर-बैठकांचा घाम आधी आणि खुराक मागून. तीन वर्षांच्या नातवाला तूप, खारीक, बदाम सगळं मिळतं, फक्त आखाडा मिळत नाही. आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ किलो वजनगटात, हेही आजोबांना सांगायला हरकत नाही.

या वयाच्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं. उपाशी ठेवणं, भाकरी मोजणं, चारचौघांत "ढोल्या" म्हणणं, हे काहीच नको. वजन आहे तिथे थोडं थोपवलं आणि उंची वाढत राहिली की गणित बरंचसं आपोआप सुटतं. म्हणूनच वजनाबरोबर उंची मोजा. नुसत्या वजनावरून मूल जाड की धिप्पाड ते कळत नाही.

थोपवायचं कुठे, हे घराघराला ठाऊक आहे. सकाळच्या चहात बुडवलेलं बटर किंवा क्रीमरोल, दुपारी दुकानातला पाच रुपयांचा पुडा, बाजारातून परतणाऱ्या आजोबांच्या पिशवीतला खाऊ. त्यात आपला ऊसपट्टा. कारखान्याच्या सभासदाकडे सवलतीची साखर पोत्यानं येते आणि ती संपवायलाच आणलेली असते. चार वर्षांच्या पोराला चहाची गरज नाही, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तीन तास हालचाल आणि पडद्यापुढे फार तर एक तास सांगते. गावात अंगण, गोठा, ओटा असताना तीन तास जड नाहीत. सातारा-सांगली शहरांतल्या फ्लॅटमध्ये आहेत, तिथे कुणीतरी मोठ्यानं मुलाबरोबर खाली उतरावंच लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. हे सगळं आपण आईला सांगतो. खाऊचा डबा तिच्या हातात नसतो. सासूनं दिलेला पेढा काढून घेणारी सून मग घरात कशी नांदते, हे सल्ला देणाऱ्याला सोसायचं नसतं. अंगणवाडीच्या पालक बैठकीला आजी-आजोबांना नावानं बोलवावं. बाप तर हवाच. सांगायचं ते ताईंनी किंवा डॉक्टरांनी सांगावं; तेच सुनेनं सांगितलं की उद्धटपणा ठरतो. आजीचं प्रेम थोपवायचं नाहीच. तिनं भाजलेले शेंगदाणे, नाचणीची भाकरी, पेरू, मोड आलेली मटकी नातवाला भरवावी, आणि तो "पुरे" म्हणाला की हात आखडावा.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी मिटवू नका. जाड मुलाची मान मागून काळवंडली, कातडी मखमलीसारखी जाड झाली की आया ती मळ समजून घासत बसतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्यानं घोरणं, किंवा वजन वाढतंय पण उंची खुंटलीय, असं असेल तरीही मुलाला दाखवून आणा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. जाताना अंगणवाडीतलं वाढीचं कार्ड बरोबर घ्या. आधीच्या महिन्यांच्या नोंदी डॉक्टरांना लागतात.