शटरच्या अर्धा तास आधी ज्यूस बंद करा



ज्यूसचा धंदा सुरू करायचाय म्हणणारा जवळपास प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. "सर, मेंटेनन्स लागत नाही असं मशीन कोणतं?" सरळ सांगतो, असं मशीन नसतं. विकणारा 'मेंटेनन्स फ्री' म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की मेंटेनन्स त्याला करायचा नाहीये.

माझं मत यापुढे जाऊन आहे. मोसंबीचं मशीन मेकॅनिकमुळे टिकत नाही, तुमच्या टाइमटेबलमुळे टिकतं. म्हणून शटर दहाला पडत असेल, तर ज्यूस साडेनऊला बंद करा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

आता म्हणाल, धंद्याच्या टायमाला गिऱ्हाईक परत पाठवायचं? आधी मशीनच्या आत काय चालतं ते बघू.

आपल्याकडे बऱ्याच काउंटरवर असतं ते मशीन साधं आहे. वरून सोललेली मोसंबी टाकायची, आतला स्क्रू ती जाळीवर दाबतो, रस खाली येतो, चोथा पुढून बाहेर पडतो. मागे मोटर. मोटरकडून येणारा दांडा जिथे रसाच्या बाजूला शिरतो, तिथे एक रबरी सील असतं. रस मागच्या बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून.

या सगळ्याला तीन शत्रू. पहिला आंबटपणा. त्यातलं सायट्रिक ॲसिड ॲल्युमिनियमचा भाग हळूहळू खातं, म्हणून रस लागतो ते सगळे भाग स्टीलचेच बघून घ्या. दुसरा शत्रू सालीतलं तेल. लहानपणी संत्र्याची साल फुग्यावर पिळून फुगा फोडलाय ना? तेच तेल सीलच्या रबरालाही त्रास देतं. मोसंबी घाईघाईत सोलली की तेवढं तेल आत जातं, वर रस कडू होतो तो वेगळाच. तिसरा शत्रू साखर आणि गर. ओला असताना पाण्याने निघतो, रात्रभर वाळला की जाळीच्या भोकात चिकटून बसतो.

म्हणजे खरं नुकसान दिवसा होत नाही, रात्री होतं. आपण झोपलेलो असताना.

आणि रात्री काय होतं, ते आमच्या नौपाड्यात कुठेही बघा. दुकान चिंचोळं, मागे धुवायला जेमतेम मोरी. काउंटरवरच्या मुलाला कल्याण-बदलापूरकडची लोकल पकडायची असते. शेवटचा ग्लास दहाला दिला, तर तो मशीनवर पाणी ओतणार आणि स्टेशनकडे पळणार. त्याला दोष देऊ नका. तुम्ही साफसफाईला वेळच दिलेला नाही. घाईत चालू मशीनमध्ये बोट घालून चोथा काढायला गेला, तर काय होईल याचाही विचार करा. म्हणून हा अर्धा तास ड्युटीतला, पगारी हवा.

अर्ध्या तासात काय करायचं?

१. स्विच बंद, आणि प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. मगच हात आत.

२. स्क्रू, जाळी, रसाचं भांडं सुटं करून लगेच कोमट पाण्यात. जाळी आतून-बाहेरून नायलॉन ब्रशने. तारेची घासणी नको, तिचे लोखंडी कण स्टीलला चिकटतात आणि तिथूनच गंज धरतो.

३. साबणाने धुऊन भरपूर पाणी. ब्लीच वापरत असाल तर सगळा रस निघाल्यावर, अगदी पातळ करून, आणि शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी. ब्लीच आणि आंबट रस एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो.

४. मोटरवर पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

५. भाग पुसून, उघडे वाळत ठेवायचे. मशीन सकाळी जोडायचं.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही उपकरणं स्वच्छ ठेवायची जबाबदारी धंदा करणाऱ्यावरच आहे. पण इन्स्पेक्टरच्या भीतीने नको, हिशेबासाठी करा.

समजा, दिवसाला २५० मिलीचे १०० ग्लास जातात, म्हणजे २५ लिटर रस. किलोला ४०० मिली निघाला, तर साडेबासष्ट किलो मोसंबी लागेल. जाळी तुंबून तोच ३६० मिलीवर आला, तर जवळपास सात किलो जास्त. ५० रुपये किलोने रोजचे ३५० गेले, महिन्याच्या २६ दिवसांत ९,१००. आणि मशीन तर 'चालू' आहे! उलट शेवटच्या अर्ध्या तासात दहा ग्लास गेले आणि ग्लासमागे २० सुटले, तरी हातात २०० येतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाकून बघा.

मोजायचं कसं? दर सोमवारी पाच किलो मोसंबी मशीनला लावा आणि रस मोजून वहीत लिहा. पण बहार बदलला की रसही बदलतो. म्हणून त्याच मालातली एक किलो हाताने पिळून बघा. हाताने किलोमागे जास्त निघाला, तर दोष फळाचा नाही, मशीनचा. रोजची परीक्षा आणखी सोपी आहे : चोथा मुठीत दाबा. रस टपकला तर तो तुमचा नफा आहे.

दुरुस्तीत काय आपलं, काय नाही, हेही पक्कं करा. जाळी, बेल्ट बदलणं शिकून घ्या. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर प्लग काढून आधी स्क्रूमध्ये काही अडकलंय का बघा. मोकळा असेल तर कपॅसिटरचा संशय, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो. दांड्यापाशी काळपट तेलकट ओघळ दिसला, तर सील गेलं. त्या दिवशी ज्यूस बंद, चर्चा नाही. अंगाला झिणझिणी आली तरी तसंच. आधी अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या.

नवीन मशीन घेताना डिस्काउंट नंतर विचारा. आधी तिथेच, विक्रेत्यासमोर, ते स्वतःच्या हाताने सुटं करून परत जोडा. जमत नसेल तर तुमच्या मुलालाही रात्री जमणार नाही. जाळी, सील, बेल्ट जवळपास कुठे मिळतो ते विचारा आणि एकेक जास्तीचा त्याच दिवशी घ्या. भर मे महिन्यात दोनशे रुपयांच्या सीलसाठी दोन दिवस काउंटर रिकामं ठेवणं कोणालाच परवडत नाही.

राहिला प्रश्न साडेनऊनंतरच्या गिऱ्हाइकाचा. 'मशीन धुतोय, उद्या या' असं सांगा आणि धुताना त्याला दिसू द्या. ताज्या रसासाठी पैसे मोजणाऱ्याला यापेक्षा चांगली जाहिरात कोणती?

या सोमवारी पाच किलोची टेस्ट करा, आकडा वहीत लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!