चालतंय की!

तर मंडळी, गेल्या शनिवारी मीरा रोडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझी पार फजिती झाली. गाडीमागे ओढायचा हलका कॅम्पर घरीच बनवायचा म्हणून थर्मोकोलच्या शीटवर फायबरग्लासचं कापड अंथरलं आणि वर पॉलिस्टर रेझिन ओतलं. बघता बघता शीट खाली बसली. उरली नुसती चिकट लापशी!

दुकानदार म्हणाला होता, "सगळ्यावर चालतं साहेब." त्याचं सोडा. चार वर्षं इंजिनियरिंग करून मी डब्यावरचं लेबलसुद्धा वाचलं नाही, त्याचं काय?

कारण साधं आहे. पॉलिस्टर रेझिन पातळ ठेवायला त्यात स्टायरीन असतं आणि ते पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्मोकोलला, विरघळवतं. रंगीत, टणक एक्सपीएस बोर्डही त्याच जातकुळीतला. त्यावर इपॉक्सीच हवं. पॉलिस्टरच वापरायचं तर आत पीयू किंवा पीव्हीसी फोम घ्या.

"एवढी भानगड कशाला? प्लायवूड ठोक!" इति आमचा रूममेट. बरं, हिशोब करू. ८ बाय ४ फुटांची १२ मिलिमीटरची प्लायवूड शीट सुमारे २३ किलो. तेवढाच २५ मिलिमीटर फोम, दोन्ही बाजूंना ३०० ग्रॅमचं कापड आणि रेझिन धरून ६-७ किलो. ताकद बाहेरच्या दोन थरांची. फोमचं काम ते थर एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं. अंतर दुप्पट केलं की पॅनेल जवळपास चौपट ताठ!

पण माझं भांडण वजनाशी नाहीच, 'चालतंय की' या वृत्तीशी आहे. हापिसात दोन ओळींचा बदलही टेस्ट केल्याशिवाय लाइव्ह जात नाही. आणि ज्या खोक्यात बायकापोरं झोपणार त्याचा वीतभर नमुनासुद्धा आपण करून बघत नाही? घरी घट्ट केलेलं साधं इपॉक्सी बऱ्याचदा ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं. मे महिन्यात गडद रंगाचं छप्पर त्याच्या पुढे जातं, म्हणून छप्पर पांढरंच हवं. फोम पेटला की धूर विषारी. म्हणून शेगडी बाहेर, आणि बाहेर पडायला वाटा दोन. याला जुगाड लागत नाही, अक्कल लागते.

आणि "आपल्याकडे असंच असतं" हे तर मला ऐकवूच नका. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. लाकडी गाभा, त्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी, म्हणजे तत्त्व तेच. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिथे कुणी 'चालतंय की' म्हटलं असतं तर?

असो. या शनिवारी पुन्हा गच्चीवर. आधी वीतभर तुकडा, मग कॅम्पर. आणि हो, या वेळी लेबल वाचलंय!