विलायतेस जाणारा मुलगा आणि ‘अवांतर’ गोष्टी

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू येत्या सप्टेंबरात एम. एस्सी.च्या अभ्यासासाठी विलायतेस जावयाचा आहे. त्या निमित्ताने गेल्या रविवारी रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातील लहानथोर मंडळी माजघरात जमली आणि उपदेशाचा वर्षाव सुरू झाला. वहिनींनी मेतकूट, भाजणी व कानटोपी यांची व्यवस्था लावून दिली. मुलाच्या वडिलांनी बँकेच्या कर्जाचा आकडा पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखविला व शेवटी म्हणाले, “वर्ष एकच आहे. अवांतर भानगडीत मुळीच पडायचे नाही.” या वाक्यावर सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगावयाचे तर सवयीने आमचीही मान डोलली.

मुलाने मग विद्यापीठाकडून आलेली विद्यार्थी-मंडळांची यादी वाचावयास घेतली. वादविवाद, नाट्य, समूहगान, होड्या वल्हविणे, डोंगर चढणे, बुद्धिबळ. आणि त्यातच एक मंडळ चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजविणाऱ्यांचे! ते ऐकून माजघरात हशा पिकला. “घंटाच वाजवायची तर साताऱ्याच्या खंडोबाला जा, रिक्षाने पोहोचशील,” असे वहिनी म्हणाल्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, हे सातारा गाव आमच्या छत्रपती संभाजीनगरला लागूनच आहे, आणि आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबाद हेच नाव येते, तिकडे वाचकांनी काणाडोळा करावा.) वस्तुतः इंग्लंडातील ही घंटाविद्या हास्यास्पद नाही. सहा-आठ माणसे प्रत्येकी एका अवजड घंटेचा दोर हाती धरतात आणि दर फेरीस घंटांचा क्रम बदलीत, एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ न देता, तासन्‌तास वाजवितात. ते सारे क्रमचयाचे गणितच आहे. असो.

विलायतेचा विषय निघाला की आमच्यासारख्या घरांत एक नाव हटकून निघते, ते रँग्लर परांजप्यांचे. त्या रात्रीही निघाले. कोकणातील मुर्डीसारख्या खेड्यातून आलेला, धोंडो केशव कर्व्यांच्या देखरेखीखाली वाढलेला मुलगा १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल होतो आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरची जागा एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पटकावितो, ही कथा तीन-चार पिढ्यांना भातावरल्या वरणासारखी वाढली गेली आहे. तिचे तात्पर्य मात्र आपण फार सोयीचे काढतो: परांजपे अभ्यास करीत राहिले, म्हणून रँग्लर झाले. त्यांनी कसून अभ्यास केला, यात काय संशय? परंतु ज्या माणसाने पुढे आपल्या आत्मचरित्राला ‘चौऱ्याऐंशी नाबाद’ अशा अर्थाचे क्रिकेटच्या भाषेतील इंग्रजी नाव दिले, त्याचे जग केवळ समीकरणांचे असेल, असे मानणे कठीण आहे. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात राहून १९२९ साली गणिताची परीक्षा दिली. त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देई. पुरुषांच्या बरोबरीची पदवी त्यांना १९४८ सालापासून मिळू लागली. तेथील सुप्रसिद्ध वादसभेचे, म्हणजे युनियनचे, सभासदत्व तर स्त्रियांना १९६३ साली मिळाले. या सभा निव्वळ करमणुकीच्या असत्या, तर त्यांची दारे इतकी वर्षे इतक्या काळजीने कोणी कशाला लावून घेतली असती?

तेथील शिक्षणाची घडण आपल्याकडील घरांत नीट ठाऊक नसते. आपल्याकडे मुलगा सकाळी कॉलेजात, दुपारी शिकवणीस व रात्री पुस्तकापुढे असला म्हणजे आपण निश्चिंत होतो. ब्रिटिश विद्यापीठांत वर्गांचे तास त्या मानाने थोडे असतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे मुख्य सत्र तर जेमतेम आठ आठवड्यांचे. उरलेला वेळ विद्यार्थ्याने स्वतः वाचावे व चार माणसांत वावरावे, हे त्या रचनेत गृहीतच धरलेले आहे. बहुतेक विद्यापीठांत बुधवारी दुपारनंतर सहसा वर्ग ठेवीत नाहीत. ती वेळ खेळांची. सत्राच्या प्रारंभी नवागतांसाठी एक जत्राच भरते. प्रत्येक मंडळ आपले मेज मांडून बसते व येणाऱ्याजाणाऱ्यास हाक मारते. विशेष हे की, ही मंडळे प्राध्यापक चालवीत नाहीत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सारे विद्यार्थीच. निवडणूक त्यांची, हिशेब त्यांचे, भांडणेही त्यांचीच. आपल्याकडील स्नेहसंमेलनात प्राचार्यांच्या परवानगीवाचून पडदा वर जात नाही. हा फरक लहान नव्हे.

प्रत्येक जण तेथे जाऊन वक्ता होतो, असेही नाही. पंडित जवाहरलाल नेहरू १९०७ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. त्या कॉलेजच्या ‘मॅगपाय अँड स्टंप’ नावाच्या वादमंडळाचा असा नियम होता की, सबंध सत्रात जो सभासद एकदाही बोलणार नाही, त्याने दंड भरावा. नेहरूंनी तो पुष्कळदा भरला, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. उत्तरायुष्यात ज्यांची भाषणे लक्षावधी लोकांनी ऐकली, ते तेथे मुकाट्याने दंड भरीत बसले होते; परंतु बसले होते, हे महत्त्वाचे.

दारूची काळजी घरोघरी असते, व ती अगदीच अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा बैठका तेथे पबमध्येच भरतात. याबाबतीत एक आठवण सांगावीशी वाटते. मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. विद्यापीठ नव्हे, पण विद्यार्थीदशा तीच. बॅरिस्टरीची सत्रे भरण्यासाठी ठरावीक भोजनांना हजर राहावे लागे. चौघांच्या पंक्तीस मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि गांधी मद्य घेत नसल्यामुळे आपल्या पंक्तीस त्यांनी बसावे म्हणून सोबत्यांची चढाओढ लागे! न पिणाऱ्याला तेथे कोणी हाकलून देत नाही, उलट त्याची वाटणी दुसऱ्यांना सुखाने मिळते. याच गांधींनी राहत्या भागात शाकाहारी लोकांची एक छोटी सभा काढली व तिचे चिटणीसपद सांभाळले. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवरही ते होते. तेथे बोलावयास उभे राहिले की शब्द फुटत नसे व लिहून आणलेले दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे लागे. संस्था कशी चालते याचा पहिला धडा या लाजाळू मुलाला मिळाला तो असा.

यावर मुलाच्या वडिलांचा आक्षेप असा की, ही सारी सुखवस्तूंची उदाहरणे झाली. कर्ज काढून जाणाऱ्याला हे कसे परवडावे? आक्षेप बिनतोड वाटतो. व्हिसाच्या नियमाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्यास २० तासच नोकरी करता येते. ती केली की दिवसही भरून जातो. परंतु त्याचे उत्तर शोधावयास आम्हाला फार लांब जावे लागत नाही. आमच्याच गावातील नागसेनवनापर्यंत जाणे पुरेसे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रथम १९१६ साली दाखल झाले; अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, व १९२० साली पैसे जमवून ते पुन्हा गेले. त्यांच्याइतक्या ओढाताणीत तेथे राहिलेला विद्यार्थी विरळा. सकाळपासून ग्रंथालय मिटेपर्यंत ते वाचीत बसत, खाण्यावरचा खर्चही त्यांनी तोडला होता. त्यांनीही विद्यार्थ्यांच्या सभेपुढे हिंदुस्थानातील जबाबदार राज्यपद्धतीविषयी निबंध वाचला व त्यावर खळबळ उडवून दिली. त्या एका सायंकाळीसाठी त्यांनी वेळ काढला होता.

पुढे १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील ज्या मुलांच्या घरी पाटीही कधी आली नव्हती, ती मुले तेथे वसतिगृहात राहू लागली. अशा मुलांना आधी पदवी द्यावी, नाटके-बिटके मागून पाहता येतील, असा हिशेब कोणीही व्यवहारी माणसाने केला असता. तेथे तो केला गेला नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते केले व स्वतः बाबासाहेबांनी पाहिले. पुढल्या दशकात त्याच परिसरातील वाङ्मयमंडळांतून, म. ना. वानखेडे व गंगाधर पानतावणे यांच्या धडपडीतून ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक उभे राहिले आणि मराठी वाङ्मयाला एक नवा प्रवाह मिळाला. आमच्या वाड्यापासून हे सारे दोन-तीन मैलांवर घडत होते, आणि आमच्या घरातून तिकडे कोणी फिरकले नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

एवढे आम्ही बोलत असताना दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. तेही १९७४ साली उत्तर इंग्लंडातील एका विद्यापीठात अभियांत्रिकीची पदवी घेण्यास गेले होते. पहिल्या वर्गाची ती पदवी दिवाणखान्यात चौकटीत लावलेली आहे. तेथील दिवसांविषयी ते कधी काही बोलत नाहीत, व आम्ही विचारीत नाही.

दादा सावकाश म्हणाले, “दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तिथे मुलांचे समूहगान चाले. मी लहानपणी चार वर्षे गाणे शिकलो होतो, तुम्हाला ठाऊकच आहे. खोलीकडे जाण्याचा जवळचा रस्ता दुसरा होता, पण गुरुवारी मी त्या सभागृहावरून जात असे. बाहेर डगले टांगायच्या जागी उभा राहून ऐकायचो. एकदा एका मुलीने दार उघडले नि विचारले, आत येतोस का? मी म्हटले, मी ग्रंथालय शोधतो आहे.”

थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, “ग्रंथालय समोरच होते. दिवे लागलेले होते. त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही. अण्णांनी निघताना सांगितले होते ना, अवांतर काही नको म्हणून.”

अण्णा म्हणजे आमचे वडील. वहिनींनी पन्नास वर्षांच्या संसारात ही गोष्ट प्रथमच ऐकली असावी, कारण त्यांच्या हातातली वात वळायची राहिली. कोणी काही बोलले नाही.

मग मुलाच्या वडिलांनीच यादी मागून घेतली आणि चष्मा लावून वाचू लागले. बराच खल होऊन असे ठरले की, पहिल्या पंधरवड्यातच दोन मंडळांत नाव घालावे, कारण वर्षाच्या अभ्यासक्रमात दिवाळीनंतर सुचलेल्या गोष्टीला उशीर झालेला असतो. एक मंडळ आपल्या माणसांचे असावे. गणपतीला व दिवाळीला चार मराठी शब्द कानी पडतात, तेवढा आधार परमुलखात लागतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे, ते उगीच नव्हे. परंतु दुसरे मंडळ असे असावे, जेथे एकही मराठी तोंड दिसणार नाही. नोकरीचे तास ठरविताना त्या मंडळाची संध्याकाळ मोकळी ठेवावी, व त्यापायी जे चार पौंड बुडतील ते घरच्या हिशेबात धरावेत. ही शेवटची सूचना मुलाच्या आईची, व ती एकमताने मान्य झाली.

कोणते मंडळ, ते मात्र मुलाने अजून सांगितलेले नाही. दादांनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच विचारले की, त्या घंटा वाजविणाऱ्यांत गाणारेही कोणी असतात काय, आणि त्यांचा वार कोणता.