पोशाख कुणाच्या मर्जीचा?

गुलामाने अंगावर काय घालावे, हे कायद्याने ठरवण्याची गरज मालकांना का भासली असेल? साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने त्यांना जाडेभरडे, स्वस्त कापड नेमून दिले. त्याहून चांगला कपडा दिसला, तर तो हिसकावून स्वतःकडे ठेवायची मुभा होती. अपवाद एकच, आणि सगळे मर्म त्यातच आहे: मालकाने दिलेला चाकरीचा गणवेश घालणाऱ्यांना ही बंदी नव्हती. काळ्या अंगावरचे भारी कापड मालकाची श्रीमंती मिरवत असेल तोवर चालत होते. त्या माणसाची स्वतःची निवड सांगू लागले की तो गुन्हा ठरत होता. कृष्णवर्णीयांच्या नखशिखान्त नटण्याच्या परंपरेवर, म्हणजे ‘ब्लॅक डँडीइझम’वर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२५ मध्ये मोठे प्रदर्शन भरवले. त्या परंपरेला नुसती हौस समजणाऱ्यांनी हा कायदा आधी पाहावा.

सूट मुळात गोऱ्यांचाच, मग ही नक्कल नाही का, असे विचारले जाते. गुलामगिरीतल्या बालपणी वर्षाला दोन जाड्याभरड्या सदऱ्यांवर दिवस काढलेला गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लस पुढे एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक छायाचित्रे निघालेला अमेरिकन ठरला. गोरे नट तोंडाला काळे फासून नटव्या काळ्या माणसाची टर उडवत होते, त्याच काळात तो कडक कॉलर आणि नेटका कोट घालून, न हसता, थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता. याला नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय कापडाचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो. झाईरमध्ये (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) सत्ताधीश मोबुटूने १९७० च्या दशकात आफ्रिकी अस्सलपणाच्या नावाखाली सूट-टायवर बंदी आणली, तेव्हा गायक पापा वेम्बा आणि किन्शासाचे ‘सापूर’ म्हणवणारे पोशाखाचे शौकीन झोकदार सूट घालूनच हुकूमशहाला नाकारत होते. एके ठिकाणी वसाहतवाद्यांचा वाटणारा कोट दुसरीकडे बंडाचा झाला, कारण निवड घालणाऱ्याची होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरात चणचण असताना परदेशी बुटांवर पैसे उधळणारे सापूर आहेतच, आणि सुटाने मताधिकार मिळत नाही हेही खरे. पण ‘आधी पोटाचे बघा’ हा उपदेश गरिबालाच का ऐकावा लागतो? उत्तम पोशाख हा हक्कांच्या लढ्याला पर्याय आहे, असे या परंपरेतल्या जाणत्यांनी मानले नाही. डग्लसने कोटाबरोबर वृत्तपत्रही चालवले. आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला जमलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि तिथेच डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे इतर बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने टाका. पाण्याचा हक्क आणि लुगड्याची नेसण, दोन्ही मागण्या त्याच परिषदेत मांडल्या गेल्या.